चार दिवसांची रजा आणि बुडालेली वाट

भीमाशंकरचं देऊळ, तिथलं रान, शेकरू आणि धुकं यांचं वर्णन या लेखात नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी कुठलाही जुना दिवाळी अंक उघडावा. आम्ही तिथं पोचलो, रांगेत उभ्या राहिलो, बाहेर आलो. मला सांगायचं आहे ते तिथं चालत कुठल्या वाटेनं जावं याबद्दल, कारण रजा चार दिवसांची असली आणि सल्ला देणारी माणसं चाळीस असली की ही गोष्ट किती डोकं उठवते हे न गेलेल्यांना कळत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या.

पिंपळवंडी

माझे बाबा पिंपळवंडीच्या शाळेत गुरुजी होते. आमच्या पडवीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि मी बाराखडी गिरवली ती पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. इतर मुलींच्या घरी श्लोक होते, आमच्या घरी मागण्या होत्या. नवस हा शब्द ऐकला की आजही माझ्या कपाळावरची शीर उडते.

मी दहा वर्षांची असताना धरणग्रस्तांच्या मोर्च्यात बाबांना पोलिसांनी उचललं. अकरा दिवस ते आत होते. त्या अकरा दिवसांत कधीतरी आत्यानं भीमाशंकराला नवस बोलला: भाऊ धडधाकट घरी आला तर आंबेगावच्या वाटेनं, सगळी वाट स्वतःच्या पायानं चालत येईन. बाराव्या दिवशी बाबा घरी आले. नवसाचं कळल्यावर ते पोलिसांवर चिडले नव्हते इतके बहिणीवर चिडले. "मला लोकांनी सोडवलं. तीन दिवस माणसं कचेरीसमोर उन्हात बसली होती. त्याचं श्रेय दगडाला द्यायचं नाही. माझ्या नावानं तू एक पाऊलही टाकायचं नाहीस."

आत्यानं ऐकलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पुढं तिनं मला सांगितलं, "म्या देवाला म्हनलं, जरा कळ काढ. भाऊ तापट हाय."

देवानं तेरा वर्षं कळ काढली. मधल्या काळात धरण भरलं, जुनं आंबेगाव आणि आसपासच्या वाड्या पाण्याखाली गेल्या आणि नवसात बोललेली वाटही गेली. गेल्या दिवाळीत आत्यानं मला बोलावलं. "ह्या साली गुडघं ऐकत्यात. पुढल्या साली ऐकायचं न्हाईत. तू येतीस का कशी?"

मी म्हटलं, "येईन, पण नवस म्हणून नाही. सोबत म्हणून."

"तू कशीबी ये. पाय तेच लागत्यात."

मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. मालकांनी गुरुवार ते रविवार अशी रजा दिली आणि सांगितलं की सोमवारी सकाळी दहाला जागेवर नसलीस तर मंगळवारी यायची तसदी घेऊ नकोस. ते असं बोलतात आणि तसंच करतात. माझ्या आधीच्या मुलीची गोष्ट मला ठाऊक आहे.

बुधवारी अर्धा दिवस काम करून मी पिंपळवंडीला आले तेव्हा आमच्या अंगणात गाव जमलं होतं. आत्याचा मुलगा बाळूदादा म्हणाला, नारायणगाव, मंचर, घोडेगाव आणि पुढं डांबरी रस्त्यानं वर. सरळ आहे, आणि तो मागून ट्रॅक्स जीप घेऊन येईल. शेजारच्या काकू म्हणाल्या, जायचंच आहे तर ओझर, लेण्याद्री करून जुन्नरवरून जा, दोन गणपती पदरात पडतील. कुणी म्हणालं, उसातनं जाऊ नका, बिबट्या आहे. कुणी म्हणालं, हमरस्त्यानं जाऊ नका, ट्रक आहेत. बाळूदादानं ट्रॅक्सचा मुद्दा सोडला नाही. "आये, मधी मधी बसायचं. गाव आलं की उतरायचं. देव काय मोजाया येतोय का?"

"देव न्हाई येत," आत्या म्हणाली. "ही येतीय." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

संध्याकाळी मी कॅनव्हासचे बूट घ्यायला आळेफाट्याला गेले. तिथल्या शेठजींचं बुटांचं दुकान त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन टाकलेलं. मला बूट कशाला हवेत ते ऐकल्यावर त्यांनी गल्ल्याखालून एक वही काढली. चालत विहार करणाऱ्या जैन साध्वी या भागातून जातात, त्यांच्या मुक्कामांची नोंद हे घर तीन पिढ्या ठेवतं आहे. गावोगावचं अंतर, विहीर कुठं, ओसरी कुणाची, सगळं. अंगणातल्या चाळीस माणसांपेक्षा त्या एका वहीत अक्कल होती.

"आत्याबाई दिवसाला किती चालतात?"

"वीस किलोमीटर."

"चालतात, की चालेन म्हणतात?"

मी बुटांची नाडी आवळून बघितली.

"आमच्या एक साध्वीजी सत्तरीच्या पुढं आहेत. अठरा चालतात. पण त्यांना सोमवारी कुठं पोचायचं नसतं, ताई."

मी जुन्या आंबेगावचं विचारलं. त्यांनी मागची पानं उलटली. आंबेगावचा मुक्काम त्यांच्या वडिलांच्या अक्षरात होता, आणि त्यावर शेठजींनी स्वतः काट मारली होती. "तिथं आमचं देऊळ होतं," एवढंच म्हणाले आणि वही मिटली.

मी त्यांच्या वहीवरून दिवस पाडले. पहिला मुक्काम कळंब, दुसरा घोडेगाव, तिसरा धरणाच्या दक्षिणेनं जाणाऱ्या रस्त्यावर, चौथ्या दिवशी दुपारी भीमाशंकर, संध्याकाळची एसटी. घरी येऊन आत्याला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली. ती मान मी होकार समजले. ही माझी चूक.

निघताना बाबा बाहेर आले नाहीत, पण त्यांनी पत्रकांचा गठ्ठा माझ्या पिशवीत घातला होता. मथळा, 'नवस: देवाला दिलेली लाच.' वाटेत वाटायला.

नारायणगाव, कळंब

बिबट्यामुळं आम्हाला उजाडल्याशिवाय निघता आलं नाही आणि दिवसाचे थंड दोन तास रोज फुकट गेले. उसाच्या बाजूनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं, म्हणजे तो बाजूला होतो, असं सगळ्यांनी बजावलं होतं. आत्यानं ते मनावर घेतलं. पहिल्या दिवशी नारायणगावपर्यंतच्या उसातल्या समस्त बिबट्यांना आमच्या घराण्याचा इतिहास, माझं न जुळलेलं लग्न आणि माझ्या आईच्या वरणात मीठ कसं कमी असतं हे सगळं कळलं. सायकलवरून जाणारे लोक थांबून ऐकत होते.

"आत्या, हळू."

"तुला लाजेपरीस जीव प्यारा न्हाई का?"

हमरस्त्यावर भीमाशंकरलाच चाललेली एक मंडळी भेटली. वीसेक तरुण, भगव्या टोप्या, मागं कर्णा लावलेला टेम्पो. गाव आलं की हे टेम्पोतून उतरत, झेंडा काढत, चालत. गाव संपलं की पुन्हा टेम्पोत. आम्हाला त्यांनी दिवसभरात चार वेळा मागं टाकलं. चौथ्यांदा त्यांचा पुढारी ओरडला, "या आज्जी, बसा की राव! जागा हाय!"

मला राहवलं नाही. मी त्याला विचारलं, की तुम्ही पदयात्रा म्हणता ती कुठल्या अर्थानं? तो म्हणाला, "ताई, भावना म्हत्त्वाची." मी त्याच्या हातात पत्रकांचा निम्मा गठ्ठा ठेवला. पुढच्या वळणावर ती पत्रकं भेळीच्या पुड्यांच्या रूपात रस्त्यावर पडलेली दिसली. ज्यांनी नवस बोलला ते टेम्पोत, आणि ज्यांना पटत नाही ते उन्हात. बाबांना हे सांगितलं तर त्यांना नवं पत्रक सुचेल.

कळंबला आम्ही एका शाळेच्या ओसरीवर पडलो. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. आत्या अंगठा शिवलेल्या जुन्या चपलांत चालली होती आणि तिला ओरखडाही नव्हता. तिनं सुई तापवून फोडातून दोरा ओवला, दोन्हीकडं टोकं सोडली. "आता ह्यातनं पानी जाईल. बूट फेकून दे." बूट पाठीवर टाकून मी उरलेली वाट तिच्या दुसऱ्या जोडात चालले.

मंचर, घोडेगाव

दुसऱ्या दिवसाबद्दल एकच चांगली गोष्ट सांगते. घोडेगावच्या अलीकडं एका मळ्यात पाणी मागायला थांबलो तर घरच्या बाईनं जेवायलाच बसवलं. मासवडी होती. आमच्या घरीही करतात, पण आम्ही सारण तिखट आणि रस्सा पातळ करतो. या बाईंनी उलटं केलं होतं. वडी मऊ, खोबऱ्याची, आणि रस्सा असा की नाकातून पाणी. आत्यानं चार भाकरी खाल्ल्या आणि मग आमच्याकडं कसं करतात ते त्या बाईला अर्धा तास समजावलं. मी घड्याळ बघत होते.

"पोरीला कुठं जायाचंय का?" बाईनं विचारलं.

"सोमवारी," आत्या म्हणाली.

"आज शुक्रवार हाय की."

"तेच म्या म्हनते."

घोडेगावच्या पुढं

शनिवारी सकाळी फाट्यावर मी डावीकडं वळले. आत्या उजवीकडं.

"आत्या, रस्ता इकडं आहे."

"ठावं हाय."

"मग?"

"आंबेगावची वाट हिकडं हाय."

मी पिशवी खाली टाकली. "मी तुला बुधवारी सगळं सांगितलं होतं. तू मान हलवली होतीस!"

"ऐकलं म्हनून हलवली. जायाचं म्हनून न्हाई."

"ती वाट पाण्यात आहे."

"पान्यापत्तुर तर हाय ना?"

आणि ती चालायला लागली. पासष्ट वर्षांच्या बाईला भर रस्त्यात ओढत नेता येत नाही. तिच्या मागून जाताना मी मनात एक लांबलचक पत्रक लिहीत होते, त्यात बारा मागण्या होत्या आणि सगळ्या तिच्याकडं होत्या. दिवस मात्र सुरेख होता हे कबूल करायला हवं. भात कापून झालं होतं, खाचरांत कडबोळ्यांसारख्या पेंढ्या रचल्या होत्या, डोंगर धुऊन ठेवल्यासारखे दिसत होते. मला ते दिसत होतं आणि त्याचाही राग येत होता.

दुपार कलताना आम्ही पोचलो. जुना रस्ता उतारानं सरळ खाली गेला होता आणि पाण्यात शिरला होता. काठाशी अंतराचा एक दगड अर्धा पाण्यात उभा होता. पलीकडचा काठ दूर, आणि मध्ये काहीच नाही. बाबांच्या पत्रकांत मी 'बुडित क्षेत्र' हे शब्द शेकडो वेळा वाचले होते. रस्ता असा चालता चालता पाण्यात उतरतो हे त्या शब्दांत नव्हतं.

काठाला पत्र्याची होडी होती. वाड्यांवरच्या लोकांना बाजाराला ने-आण करणारी. होडीवाल्याचं नाव सोमाभाऊ, पन्नाशीचा, काटक, बिडी विझवून कानावर ठेवलेली. मी त्याला चालत पलीकडं जायचा रस्ता विचारला.

"चालत? मागं फिरा. धरनाकडं जा, तिकडनं पल्याड, मग वर. उद्या रातच्याला पोचाल डोंगराच्या तळाला."

"आणि होडीनं?"

"अर्ध्या तासात. रातीला पल्याडच्या वाडीवर ऱ्हावा, सकाळी चढा, दुपारी देवापाशी."

म्हणजे होडीनं गेलो तर रविवारची एसटी आणि सोमवारी दहाला छापखाना. फिरून गेलो तर सोमवार संपला आणि नोकरीही. मी काठावर बसले आणि तीन मिनिटांत ठरवलं. नवस ही खोटी गोष्ट आहे याबद्दल माझी खात्री आहे. पण या बाईनं पिंपळवंडीपासून इथपर्यंत बैलगाडीचा दांडासुद्धा धरला नव्हता, टेम्पोवाल्यांना नाही म्हटलं होतं. फेडायचाच तर खोटा फेडू नये.

"आत्या, आपण फिरून जाऊ."

"आन तुझं काम?"

"बघू."

"बघू म्हंजी? जाईल की ते."

"गेलं तर गेलं. सगळी वाट पायानं म्हणाली होतीस ना? मग पायानं."

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती नासलेल्या दुधाकडं पाहते. "तुझ्या बापासाठी बोलले, आन तुझी भाकर मोडून फेडू? असला देव मला ठावा न्हाई." पदर खोचला आणि होडीत चढली.

मी चढले. सोमाभाऊनं होडी ढकलली, उडी मारली, वल्ही हातात घेतली. काठ सुटला आणि आत्या उभी राहिली. चपला काढून फळीवर ठेवल्या आणि होडीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं चालायला लागली. टोकाला पोचली की वळायची, परत. होडी दोन्ही अंगांनी हलायला लागली.

"ओ मावशी! बसा खाली! हे काय अंगन हाय व्हय?"

"चालतीया."

"कुठं?"

"भीमाशंकरला."

"आवं होडी चाललीच की! तुमी कशापायी चालताय?"

"मला न्हाई ठावं तुमची होडी. म्या माझ्या पायानं जाईन म्हनलंय."

"उलटली मंजी देवाकडं सरळच जाल, चालाया नगं!" सोमाभाऊ माझ्याकडं वळला. "पावनं, सांगा की ह्यांना! डोकं फिरलंय का?"

माझं फिरलं होतं. एका हातानं होडीची कड आणि दुसऱ्या हातानं आत्याचा पदर धरून मी त्याला चिडून सगळं सांगितलं: नवस कुणासाठी, कधीचा, बाबांना मोर्च्यात कसं धरलं, अकरा दिवस, तेरा वर्षं. माझं सांगणं चालू असतानाच त्याचे हात थांबले.

"कोन तुझा बाप?"

"पिंपळवंडीचे गुरुजी."

"पत्रकाचं गुरुजी? सायकल व्हती, तिची चेन सारकी पडायची?"

"तेच."

वल्ह्यांवरून पाणी ठिबकत राहिलं. होडी आपोआप थोडी पुढं सरकली आणि थांबली.

"आमी बसलो व्हतो की कचेरीम्होरं," सोमाभाऊ म्हणाला. "तीन दिस. माझी आई व्हती, मी व्हतो, सगळी वाडी व्हती. गुरुजीन्ला सोडा म्हनून."

आत्या चालायची थांबली. "मग तुमी सोडवलं व्हय त्याला?"

"म्या एकल्यानं न्हाई. लई मानसं व्हती."

"आनि तुमच्यासाठी काय मागितलं व्हतं?"

"मागितलं व्हतं की. जमिनीला जमीन, पानी भरायच्या आदी गाव वसवा, आनि बी लई. गुरुजीन्नीच लिवून दिल्या व्हत्या मागन्या. बारा का तेरा."

"मग? काय मिळालं?"

सोमाभाऊनं वल्ही आत घेऊन ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नसल्याचाच मला राग आला.

"गुरुजी मिळाले," तो म्हणाला. "बाकीचं हितं हाय. खाली."

आत्यानं खाली पाहिलं. पाणी हिरवं होतं, त्यात आमच्या तिघांच्या सावल्या होत्या आणि काही दिसत नव्हतं. बाबा बरोबर होते, त्यांना लोकांनीच सोडवलं होतं, तेरा वर्षं मी हेच ऐकत आणि म्हणत आले होते. आणि आता ते बरोबर ठरल्याचं मला तोंड वर करून कुणाला सांगता येत नव्हतं. आत्यानं दोन्ही हात जोडले, सोमाभाऊपुढं. त्यानं घाईनं मान फिरवली, कानावरची बिडी काढली, पुन्हा ठेवली.

"तसं करू नगा मावशी." त्यानं वल्ही उचलली. "चाला तुमी. चाला. फकस्त मधोमध चाला, कडंला नगं. पोरी, तू खाली बस, तिचा तोल धर."

मी फळीवर बसून आत्याचा हात धरला. ती चालायला लागली, तो वल्हवायला लागला, आणि मधून मधून, पुढं बघत, कुणाला वाट सांगावी तसा सांगायला लागला.

"ही गावची येस आली."

"हितं मारुती. डाव्या हाताला."

आत्यानं डावीकडं वळून नमस्कार केला.

"ही शाळा. गुरुजी हितंच बसायचे पत्रकं वाचत. ही आमची आळी. हे चुलत्याचं घर, हे आमचं." इथं तो जरा थांबला, आणि आत्याही थांबली, तो निघाल्यावर निघाली. "आता वढा. वढ्यात दगडं लई, बघून."

आत्या बघून चालली. होडी हलत होती, पण पहिल्यासारखी नाही.

मग सोमाभाऊनं वल्ही मंद केली. "आता चढन हाय, मावशी," तो म्हणाला. "दमानं घ्या."

आत्या थांबली, माझ्या खांद्यावर हात ठेवून तिनं दम खाल्ला, आणि चढायला लागली.